ड्रॅगस्टरच्या पोटाखालचा आधार

डेन्व्हरजवळच्या बँडिमिअर स्पीडवेवर रविवारी शर्यत संपली, की पुढच्या शुक्रवारी त्याच गाड्या कॅलिफोर्नियात सोनोमाला हजर असायच्या आणि त्यापुढच्या आठवड्यात सिॲटलजवळच्या केंटला. अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगमध्ये या तीन लागोपाठच्या शर्यतींना ‘वेस्टर्न स्विंग’ म्हणत. 2023 मध्ये बँडिमिअर बंद झालं आणि तो जुना क्रम मोडला. डेन्व्हर ते सोनोमा रस्त्याने सुमारे 2000 किलोमीटर, तिथून केंट आणखी 1300 च्या आसपास. हे सगळं अंतर शर्यतीची गाडी ट्रेलरमध्ये बांधलेल्या अवस्थेत कापायची. तिची स्वतःची धाव मात्र 305 मीटरची. सर्वांत वेगवान अशा ‘टॉप फ्युएल’ वर्गातली गाडी ती चार सेकंदांच्या आत संपवते आणि तेवढ्यात ताशी 500 किलोमीटरच्याही पुढे जाते.

पात्रता फेऱ्यांपासून अंतिम लढतीपर्यंतच्या सगळ्या धावा जोडल्या, तरी एका शर्यतीत गाडी पूर्ण ताकदीने धावते ती जेमतेम अर्धा मिनिट. त्या अर्ध्या मिनिटासाठी ती डेन्व्हरहून सोनोमापर्यंत ताशी 90 किलोमीटरने बावीस तास हादरे खात यायची. चौकटीच्या नळीला तडा दिसला, की बोट सहसा शर्यतीकडे दाखवलं जातं. इंजिनाची ताकद, सुरुवातीचा झटका, टायरची थरथर ही कारणं खरीच आहेत. पण त्या बावीस तासांचाही हिशेब मांडायला हवा, आणि तो मांडला की मागच्या-पुढच्या चाकांच्या मधे, गाडीच्या पोटाखाली ठेवलेला एक साधा आधार किती मोलाचा आहे ते कळतं.

आधी गाडी कशी असते ते पाहू. टॉप फ्युएल ड्रॅगस्टरच्या पुढच्या आणि मागच्या आसांमधलं अंतर 300 इंचांपर्यंत, म्हणजे साडेसात मीटरहून थोडं जास्त असतं. हौशी स्पर्धकांचे ड्रॅगस्टर त्याहून आखूड, साधारण सहा मीटरच्या आतबाहेर. मागे दोन प्रचंड रुंद टायर, त्यांच्या लगेच पुढे इंजिन, इंजिनापुढे पिंजऱ्यात बसलेला चालक, आणि तिथून पुढे निमुळती होत गेलेली लांबच लांब सोंड, जिच्या टोकाला सायकलच्या चाकांची आठवण यावी इतकी बारीक दोन चाकं. हा सगळा सांगाडा क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्यांचा असतो. हेच 4130 पोलाद विमानांच्या सांगाड्यांतही वापरलं गेलं आहे. अनेक नळ्यांची भिंत दीड मिलिमीटरच्या आसपास जाड. खाली दोन लांब नळ्या, वर दोन, त्यांना जोडणाऱ्या उभ्या आणि तिरप्या नळ्या, आणि प्रत्येक जोड हाताने वेल्ड केलेला.

इंजिन चालकाच्या पाठीमागे असण्यामागे एक अपघात आहे. मार्च 1970 मध्ये लाँग बीचजवळच्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर चालक डॉन गार्लिट्सच्या गाडीचा गिअरबॉक्स फुटला आणि त्याच्या उजव्या पायाचा पुढचा भाग तुटून गेला. तोवर चालक इंजिनामागे, मागच्या आसाच्याही मागे बसत असे, पाय गिअरबॉक्सच्या दोन बाजूंना टाकून. गार्लिट्सने बरा होत असतानाच इंजिन मागे असलेल्या गाडीचा विचार केला आणि 1971 मध्ये पोमोनाची विंटरनॅशनल्स शर्यत तशाच गाडीने जिंकली. थोड्याच वर्षांत सगळ्यांनी तोच आराखडा उचलला. चालकांचे जीव वाचले आणि गाडीचं वजन एका टोकाला गोळा झालं.

टॉप फ्युएल ड्रॅगस्टरला मागे सस्पेन्शन नसतं. मागचा आस चौकटीलाच घट्ट बसवलेला असतो, आणि हौशी ड्रॅगस्टरपैकीही पुष्कळ असेच बांधलेले असतात. स्प्रिंगचं काम मऊ टायर करतात आणि काही अंशी चौकट स्वतः करते. दिवा हिरवा झाला की टायर जमिनीला चिकटतात, सांगाडा मधून कमानीसारखा वर उचलला जातो आणि वजन मागच्या चाकांवर दाबलं जातं. चौकट किती आणि कुठे वाकावी हे बांधणारे कारागीर ठरवतात. ताठर चौकटीची गाडी टायर घसरवत बसते. म्हणजे वाकणं हा या गाडीचा दोष नाही, तिचा गुण आहे. पण तो धावपट्टीवरचा गुण. ट्रेलरमध्ये हाच लवचीकपणा दिवसभर, विनाकारण, हजारो वेळा वापरला जातो.

दोन माणसं लांब शिडी दोन टोकांना धरून चालली की शिडी मधे कशी हेलकावते ते प्रत्येकाने पाहिलं असेल. चालण्याची लय शिडीच्या लयीशी जुळली की हेलकावे वाढत जातात, आणि तिसऱ्या माणसाने मधे नुसता हात लावला तरी ते थांबतात. ड्रॅगस्टरचं ट्रेलरमध्ये हेच होतं.

लय कुठून येते? रस्त्यातून. काँक्रीटच्या रस्त्यात ठरावीक अंतरावर सांधे ठेवलेले असतात, कारण तापमानाबरोबर काँक्रीट आकुंचन-प्रसरण पावतं. अमेरिकेत हे अंतर बऱ्याच ठिकाणी 15 फूट, म्हणजे साडेचार मीटरच्या जवळपास असतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर गाडीत बसून टायरचा जो एकसारखा ठेका ऐकू येतो तोही अशाच सांध्यांचा. ताशी 100 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ 28 मीटर. त्याला साडेचारने भागलं की सेकंदाला सहा ठोके. ट्रेलरचा प्रत्येक आस सांधा ओलांडतो तेव्हा त्याचा स्वतंत्र धक्का बसतो. शिवाय ट्रेलरचं अंग त्याच्या स्प्रिंगांवर सेकंदाला एक-दोन ते चार वेळा वरखाली होत असतं. लहान ट्रेलरना बहुतेक वेळा शॉक ॲब्सॉर्बर नसतात, त्यामुळे एकदा सुरू झालेला हेलकावा लवकर शमत नाही. लांब, सडपातळ, मधे आधार नसलेल्या चौकटीची स्वतःची लय याच टापूत येऊन पडू शकते. मग रस्ता आणि चौकट एकमेकांना साथ देऊ लागतात.

सेकंदाला तीन हेलकावे धरले, तर बावीस तासांत दोन लाखांहून जास्त होतात. त्यातले बहुतेक अगदी किरकोळ, हे खरं. पण धातूच्या बाबतीत किरकोळ गोष्टींची बेरीज होते, हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे. 1842 मध्ये व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि मोठा अपघात झाला. पुढे प्रशियाच्या रेल्वेतल्या ऑगस्ट व्योलरने आसांवर वर्षानुवर्षं प्रयोग करून दाखवलं, की एका वेळी पोलाद सहज पेलतं त्यापेक्षा कितीतरी कमी ताणदेखील लाखो वेळा आलटून पालटून दिला तर ते मोडतं. याला धातूचा थकवा म्हणतात. तडा आधी डोळ्यांना न दिसणारा, मग केसाएवढा, आणि उरलेला भाग एक दिवस एकदम तुटतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो मोटरप्रेमींमध्ये फार रुजलेला आहे. चौकट महागड्या क्रोम-मॉली नळ्यांची आहे, तेव्हा ती थकणार नाही, असं मानलं जातं. क्रोम-मॉली साध्या पोलादाहून मजबूत आहेच. म्हणून तर नळीची भिंत पातळ ठेवता येते. पण वेल्डच्या जोडाचा थकवा पोलादाच्या मजबुतीवर जवळजवळ अवलंबून नसतो. वेल्डच्या कडेला जी बारीकशी पायरी किंवा खाच राहते, तिथे ताण एकवटतो आणि तडा तिथूनच निघतो, मग नळी कसल्याही पोलादाची असो. उलट भिंत पातळ केल्यामुळे तेवढ्याच वजनाला ताण जास्त येतो. वेल्डच्या जोडांसाठी अभियंते एक ढोबळ नियम वापरतात: ताणाचा चढउतार दुप्पट झाला, तर आयुष्य आठव्या हिश्श्यावर येतं. हा नियम उलटाही चालतो. ताण निम्मा करता आला तर आयुष्य आठपट. मधल्या आधाराचा सगळा फायदा या उलट्या बाजूत आहे.

दोन टोकांना टेकवलेल्या एकसारख्या तुळईला बरोबर मधे तिसरा टेकू दिला, की तिच्यावरचा सर्वाधिक वाक एक चतुर्थांश होतो, झोळ चाळिसाव्या हिश्श्याच्या आसपास येतो आणि तिची लय चौपट जलद होते. पहिल्या दोन गोष्टी चटकन पटतात, पण मला तिसरी जास्त महत्त्वाची वाटते. सेकंदाला चार-पाच हेलकाव्यांची चौकट सोळा-वीसवर गेली, तर रस्त्याच्या मुख्य ठोक्यांशी तिची लय जुळतच नाही. वरचा निम्म्या ताणाचा नियम दोनदा लावला तर एक चतुर्थांश ताण म्हणजे कागदावर चौसष्ट पट आयुष्य. खरा ड्रॅगस्टर एकसारखी तुळई नाही, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण दिशा हीच राहते.

आधार कुठे द्यायचा याचं उत्तर फूटपट्टीने मध्य काढून मिळत नाही. वजन एका टोकाला आहे आणि चौकटीची जाडीही बदलत जाते. इंजिन आणि चालकाच्या पिंजऱ्याचा भाग खोल आणि ताठर. त्याच्यापुढे सोंड सुरू होते ती एकदम सडपातळ. जिथे ताठर भाग संपून लवचीक भाग सुरू होतो, तिथे वाक एकवटतो. म्हणून पहिली जागा चालकाच्या पायांच्या आसपास, पिंजरा संपतो तिथे. दुसरी जागा इंजिनाच्या पुढच्या बाजूला, इंजिन ज्या पत्र्याने चौकटीला बांधलेलं असतं त्या पत्र्याखाली, कारण बिग-ब्लॉक इंजिनाचं अडीचशे-तीनशे किलोचं ओझं तिथे टांगलेलं असतं. जागा यातली कोणतीही असो, आधार नळ्यांच्या सांध्याखालीच आला पाहिजे, जिथे उभी आणि तिरपी नळी खालच्या नळीला मिळते. दोन सांध्यांच्या मधे, मोकळ्या नळीखाली टेकू दिला तर पातळ भिंतीला पोचा पडतो, आणि नळी एकदा चेपली की त्या जागी आणखी एक दुर्बळ बिंदू तयार होतो. टेकू दोन्ही बाजूंच्या नळ्यांना एकाच उंचीवर लागायला हवा, नाहीतर चौकट पिळली जाते. गाडीच्या पोटाला ॲल्युमिनियमचा किंवा कार्बन फायबरचा पत्रा असेल तर टेकू त्या पत्र्यावर येऊन उपयोग नाही. थेट नळीपर्यंत पोहोचला पाहिजे.

टेकू कशाचा असावा? कुणी लाकडी ठोकळ्यावर जाड रबर किंवा गालिचाचा तुकडा ठोकतं, कुणी उंची कमी-जास्त करता येणारी लोखंडी घोडी वापरतं, कुणी हवेची पिशवी नाहीतर टायरची जुनी ट्यूब. माझा कल मऊ टेकूकडे आहे. ट्रेलरची फरशी स्वतः स्थिर नसते. खड्ड्यातून जाताना ट्रेलर मधे लवतो, पिळतो. टेकू दगडासारखा कठीण असेल तर फरशीची प्रत्येक हालचाल तो नळीच्या एकाच ठिकाणी ठोकत राहतो. रबर किंवा हवा थोडी दबते, हेलकाव्यातली ऊर्जा पिते, आणि उंचीत दोन-तीन मिलिमीटरची चूक झाली तरी सांभाळून घेते. हे दोन-तीन मिलिमीटर क्षुल्लक नाहीत. दोन टेकूंवर वजनाची वाटणी आपोआप ठरते, पण तिसरा आला की ती त्याच्या उंचीवर अवलंबून राहते. खाली राहिला तर तो नुसता शोभेचा. वर गेला तर सगळी गाडी त्याच्यावर तोलली जाते आणि गाडी फरशीला बांधणारे दोन्ही टोकांचे पट्टे तिला त्याच्यावरून खाली वाकवतात. मोडू नये म्हणून ठेवलेला टेकूच मग मोडायला मदत करतो.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी गाडी जागेवर आणून चाकांपुढे-मागे ठोकळे लावायचे. मग मागचा आस बांधायचा, मग पुढचा, आणि सगळे पट्टे पुरते ओढून झाल्यावरच मधला टेकू वर आणायचा: नळीला टेकेपर्यंत आणि त्याच्यापुढे अगदी थोडा, हाताने हलवून हलणार नाही इतका. टेकू आधी ठेवून नंतर पट्टे ओढले, तर पट्ट्यांनी टायर दबतात, गाडी खाली येते आणि टेकूवर किती भार आला याचा अंदाजच राहत नाही. बांधणी बाहेरून नीटनेटकी दिसते, आणि म्हणूनच ही चूक जास्त धोक्याची.

टायरचा मुद्दा इथेच येतो. ड्रॅग शर्यतीचे मागचे टायर फार कमी हवेवर चालतात. टॉप फ्युएलमध्ये 6-7 पीएसआय, आपल्या रस्त्यावरच्या मोटारीच्या तुलनेत पाचवा हिस्सा. एवढ्या मऊ टायरवर बांधलेली गाडी ट्रेलरमध्ये उसळत राहते, आणि रात्रीच्या थंडीत हवा आकसली की पट्टे सैल पडतात. प्रवासापुरती हवा वाढवणं किंवा लहान, कडक टायरची चाकं चढवणं हा त्यावरचा उपाय. पट्टे लावायचे ते आसाला किंवा आसाच्या अगदी जवळ, जिथून ओढ सरळ चाकांवाटे फरशीत जाते. सोंडेच्या मधोमध पट्टा टाकून ‘जास्त घट्ट’ केलेली गाडी पाहिली की मला त्या नळ्यांची काळजी वाटते. चाकांवर गाडी उसळू पाहते, मधून पट्टा तिला खाली खेचतो, आणि नळीच्या वाट्याला प्रत्येक खड्ड्याला एक जादा वाक येतो. पहिले पन्नास-शंभर किलोमीटर गेल्यावर थांबून पट्टे आणि टेकू पुन्हा तपासलेच पाहिजेत, कारण तेवढ्यात सगळं थोडं थोडं बसलेलं असतं.

सस्पेन्शन असलेल्या गाड्यांची गोष्ट वेगळी आहे. दाराच्या, नेहमीच्या मोटारीसारख्या दिसणाऱ्या ड्रॅग गाड्या आखूड असतात आणि त्यांच्या चौकटीला मधला टेकू सहसा लागत नाही. त्यांच्या बाबतीत प्रश्न असतो तो पट्टा चौकटीला बांधायचा की आसाला. चाकांवरून किंवा आसाला पट्टा टाकला तर वरचं अंग स्प्रिंगांवर मोकळं राहतं, आणि मला हेच पटतं. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेल्या ड्रॅग शर्यतींत उतरलेल्या मोटारी बहुतांशी याच जातीच्या, रस्त्यावरच्या गाडीतून घडवलेल्या.

या सगळ्याची सर्वाधिक गरज कुणाला आहे? मोठ्या संघांना कमी. त्यांच्याकडे एअर सस्पेन्शनचे लांब ट्रेलर असतात, प्रत्येक फेरीनंतर गाडी जवळजवळ सुटी केली जाते आणि चौकटी बदलल्याही जातात. त्यांच्याकडेही चौकट मोडू शकते: मार्च 2015 मध्ये गेन्सव्हिलच्या शर्यतीत चालक लॅरी डिक्सनचा ड्रॅगस्टर वेगात असताना मधेच तुटला, हवेत उडाला, आणि पिंजऱ्यामुळे डिक्सन वाचला. त्या अपघाताचा संबंध वाहतुकीशी जोडायचा नाही. चौकट तुटण्याची किंमत काय असते एवढंच त्यातून घ्यायचं. खरा धोका हौशी स्पर्धकाच्या दारात आहे. त्याची एकच चौकट पंधरा-वीस वर्षं चालते, मालक बदलत जाते, आणि साध्या स्प्रिंगांच्या, जवळजवळ रिकाम्या म्हणून जास्तच उसळणाऱ्या ट्रेलरमधून दर सुट्टीला शेकडो किलोमीटर हिंडते. वेगवान गाड्यांच्या चौकटींची ठरावीक मुदतीने अधिकृत तपासणी होते, पण दोन तपासण्यांच्या मधला सगळा प्रवास मालकाच्या भरवशावर असतो.

म्हणून गाडी ट्रेलरमधून उतरवली की पोटाखाली दिवा घेऊन शिरावं. टेकू टेकला होता तिथली नळी बोटाने चाचपावी, पोचा किंवा सपाट झालेली जागा लागते का ते पाहावं. मग पिंजरा आणि सोंड जिथे मिळतात तिथले वेल्ड, इंजिनाच्या पत्र्याचे कान आणि पुढच्या आसाची बैठक. चौकट फिक्या रंगाची असेल तर बारीक तडा गंजाच्या रेषेने किंवा रंगाच्या केसाएवढ्या भेगेने लवकर कळतो. काळ्या रंगाखाली तो लपतो. शंका आली तर त्या जागेचा रंग खरवडून तडा दाखवणारा लाल रंग लावावा: तो फवारून थांबायचं, पुसायचं आणि वर पांढरी भुकटी मारायची. तडा असेल तर त्यात शिरलेला लाल रंग काही मिनिटांत पांढऱ्यावर उमटतो. तसा तो उमटला, तर वरून नुसता वेल्डचा थर चढवून भागत नाही. तडा मुळापर्यंत घासून काढून जोड नव्याने भरावा लागतो किंवा तेवढी नळी बदलावी लागते, आणि त्याबरोबर ट्रेलरमधल्या टेकूची जागाही नव्याने ठरवावी लागते.